जमिनीखाली सांधा नको

हळदोण्याच्या एर्मेलिंदाबायनं कपाटातून वही काढली,
डांबरगोळ्यांच्या वासासकट.
"कायतानाची. स्विंडनला तो हेच करायचा.
मी कधी विचारलं नाही. तू प्लंबर, तुला कळेल."

मी साखळीचा. माझं शिक्षण टाकीपासून नळापर्यंत,
इंग्रजी येते ती पाइपांवर छापलेली तेवढीच.
पण चित्र बघितलं आणि बोट आपोआप फिरलं त्यावरून.
चकली.
एकाच नळीची, भिंतीपासून मध्यापर्यंत,
मध्यात वळसा, मग गेल्या वाटेला खेटून परत.

"बाय, ही खोलीची जमीन. लादीच्या पोटात नळी,
नळीत कोमट पाणी. बाहेर बर्फ, आत पाय अनवाणी."
"ते माहीत आहे रे, वीस वर्षं चालले मी त्यावर.
अशी गोल का, ते सांग."

जाताना पाणी ऊन असतं, म्हटलं,
येताना निवलेलं.
दोघांना शेजारी शेजारी निजवलं
की खोलीला दोघांच्या मधलं काहीतरी मिळतं.
एकच कोपरा तापत नाही, एकच गारठत नाही.

ती बिंबलांची देठं खुडत राहिली.

शेवटचं पान कोंकणीत होतं, रोमी अक्षरांत.
तिनं वाचलं, मी ऐकलं:
काँक्रीट ओतण्याआधी नळी पाण्यानं भर.
दाब चढव. काट्यापाशी खूण कर. रात्रभर थांब.
सकाळी काटा तिथंच असेल तर ओत.
जमिनीखाली सांधा नको.
सांधा हवाच तर भिंतीवर, हाताला लागेल असा.

"आणि इथं काय बिघडलंय? थंडाचा नळ सोडला, हात पोळला."
काही बिघडलं नव्हतं. एप्रिल, दुपारचे दोन.
पाणी पहाटे पाचला येतं,
टाकीतला गोळा तरंगत वर जातो, तोंड मिटतो,
मग दिवसभर ते काळ्या टाकीत उन्हात बसून.
खाली यायची वाटही पश्चिमेच्या भिंतीवरून, उघडी.
तुमच्या नळावरची निळी टिकली, बाय,
सकाळी नऊपर्यंतच खरं बोलते.
थंड हवं तर विहीर.

विहीर म्हटलं आणि दोघंही वहीकडे बघायला लागलो.

निजायच्या खोलीतली लादी खचलेली होतीच.
नव्वद मीटर नळी, एक सांधा नाही.
सर्वानंद वेटोळं सोडत सोडत मध्यात पोचला
आणि तिथंच अडकला, चारी बाजूंनी नळी,
बगळ्यासारखा पाय उचलत बाहेर आला.
दाब चढवला. पेन्सिलीनं खूण केली.
त्या रात्री बायनं काट्यासमोर खुर्ची टाकली.
मी म्हटलं, बघत बसायची गरज नसते.
सकाळी सातला गेलो तर दिवा चालूच,
तिचे डोळे लाल.
"हलला नाही," म्हणाली,
जसं कुणी आजाऱ्याबद्दल सांगावं.

मे महिनाभर विहिरीचं पाणी त्या चकलीतून फिरलं.
लादी माठाच्या पोटासारखी.
शेजारची फिलू दुपारी उशी घेऊन यायची,
लादीला गाल लावून घोरायची.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन:
"तुझ्या जमिनीला घाम फुटलाय. मी घसरले असते."
तेव्हा कळलं. हवा इतकी ओली झाली
की गार काहीही तिला खपत नाही.
बाय, भिंतीवर कॉक आहे, हाताला लागेल असा.
उजवीकडे फिरवा.

कायतानाच्या वहीत हे पान नव्हतं.
कुठून असणार, त्यानं आयुष्यभर थंडीशी भांडण केलं.
पुढच्या खेपेला मी वही मागून घेतली,
कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं, देवनागरीत:
हळदोणे. जून ते सप्टेंबर कॉक बंद.
पाणी आत तसंच राहू दे.

सही केली नाही.
काटा कितीवर होता, तेवढं लिहिलं.