खतावणी, कादराबाद

मोडीचं एक पान उलगडायचे मला वीस रुपये मिळतात.
जालन्याच्या या बाडात एकशे बारा पानं,
निम्मी वाळवीनं आधीच वाचलेली.

फसली बाराशे बावन्न.
"हबशी पोर, नाव सुंबुल, वय अदमासे नऊ,
मस्कतेवरून. रुपये एकशे चाळीस."
वरच्या ओळीत घोडीची नाल,
खालच्या ओळीत हिंग.

मग कुठंतरी दर्यावर तह झाला.
इंग्रजांचा सुलतानाशी:
गलबतं अडवायची, तळ धुंडायचे,
सापडलेली माणसं मोजून सोडून द्यायची.
जालन्याला समुद्र नाही.
कुंडलिकेत उन्हाळ्यात पोहराही बुडत नाही,
तिच्यावर गस्त कसली!

तरी बातमी पोचली असावी,
कारण फसली छप्पन्नला कारकुनानं "गुलाम" खोडून
त्याच शाईनं, त्याच वळणात लिहिलं,
"मानलेली लेक."
खर्च तोच. महिना दोन पायल्या जवारी,
वर्षाला एक लुगडं,
आणि कानात घालायला तेल.
कान का दुखायचा, ते लिहिलेलं नाही.

सुंबुल म्हणजे जटामांसी, कोशात सापडलं.
त्याआधीचं नाव कुठल्याच रकान्यात नाही.

साठ सालच्या आषाढात
"कुलूप नवे, एक. सव्वा रुपया."
पुढच्या पानावर परत कुलूप. अडीच.
त्याच्या पुढचं पान वाळवीचं.
अशा पानाचे पैसे मिळत नाहीत,
तरी खिडकीशी नेऊन उजेडाला धरलं.
भोकांतून पलीकडची चिंच दिसली.

तिथून पुढं
जवारी दोन पायल्यांनी कमी आहे.