पार्कवी कोत, नेरूळ

मगिळन गेला, असं मामीने फोनवर सांगितलं
आणि माझ्या तोंडून नाव ऐकताच सुधारलं :
तो ळ तुमचा नाही. जीभ आणखी मागे ने,
टाळूला टेकवू नको, हवेतच राहू दे.
पस्तीस वर्षं झाली, मला अजून जमत नाही.

मी त्याची एक ओळसुद्धा वाचलेली नाही.

सिडकोची चार मजली बिल्डिंग,
पुढे मिठागर, मागे पारसिकचा डोंगर,
आणि शनिवारी दुपारी टेलिफोन एक्स्चेंजमधून सुटलेली अलमेलू मामी,
पिशवीत भेंडी, भेंडीखाली माटुंग्याहून आणवलेलं साप्ताहिक.
जिन्यातच पिना उचकटून ती मालिकेची पानं सोडवायची,
उरलेला अंक नवऱ्याला.
मी तिसऱ्या पायरीवर, अकरा वर्षांची.
डोळ्यांनी ती तमिळ वाचायची, तोंडाने मराठी,
ऑपरेटर बायकांकडून उचललेली :
"खुनी आली. ती खिडकीतनं वाकला."
मी आठवडाभर कथेतल्या बायकांवर संशय घ्यायचे.
नेमका तेव्हाच खाणीत सुरुंग उडायचा,
तावदानं थरथरायची.
क्रमशः, मामी म्हणायची.

दिवसा सेलमला गुरांचा डॉक्टर होता तो.
अडलेलं रेडकू ज्याने ओढून काढलंय
त्याला अडलेल्या कथेची भीती वाटत नाही,
असं त्याने लिहिलेलं (मामीच्या सांगण्यावरून).
खून लिहायचा, भुतं लिहायचा,
उपग्रह म्हणजे काय
ते घाण्याच्या बैलावरून समजावायचा,
दोन हजार वर्षांपूर्वीची विरहिणी
बसस्टॉपवर उभी करायचा.
सिनेमांचे संवाद लिहायचा आणि त्यांची लाज वाटते
हेही लिहायचा.
उपम्यावर त्याचा राग होता.

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा.
मी विचारलं, मामीने तमिळ करून पोस्टात टाकलं :
लिहायला बसता तेव्हा खुनी कोण, तुम्हाला माहीत असतं?
दोन महिन्यांनी छापून आलं.
तमिळला भ नाही, ख नाही, म्हणून
भार्गवी खोतची झालेली पार्कवी कोत.
उत्तर : नाही. बायको टाइप करते, तिला माहीत असतं.
ती चिंधीएवढी कात्रण
मी दहावीपर्यंत कंपासपेटीत ठेवली.

रविवारी गेले. बिल्डिंग आता पाडायची आहे,
जिन्याला बांबूचे टेकू.
मामीच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय :
दाराची चौकट दिसते, माणूस नाही,
पानाच्या कडा दिसतात, अक्षर नाही.
तिने कपाटातून गठ्ठे काढले, दाभणाने शिवलेले,
वर ब्लाउजपीसची कव्हरं.
वाच, म्हणाली.
मी म्हटलं, मला कुठे येतं?
मग आठवतं ते सांग.

मी सांगितलं. दीपस्तंभावरचा खून,
खारट विहीर, मुका आचारी,
आणि शेवटी तो पोस्टमन, जो वर्षभर
मेलेल्या माणसाच्या नावाने पत्रं टाकत राहतो
कारण दार कुणीतरी उघडेल अशी त्याला आशा असते.
पोस्टमन?
मामी हसायला लागली. खोकला येईपर्यंत.
अगं, शेवटचा अंक आलाच नव्हता.
संप होता. तू पायरीवर बसलेली.
काय सांगणार?

आणि खरा शेवट?
माहीत नाही. नंतर पुस्तक निघालं, मी घेतलं नाही.
तुला सांगून झालं होतं ना.

बराच वेळ आम्ही गप्प.
खालून कुणीतरी पाण्याचा टँकर मागे घेत होतं,
त्याची ती शिट्टी.
ज्या एका शेवटासाठी मी आयुष्यभर
त्याला मोठा लेखक म्हणत आले,
तो दुपारी अडीच वाजता भेंडीची पिशवी मांडीवर घेऊन
एका टेलिफोन ऑपरेटरने रचला होता.
त्याला कळलं असतं तर?
कदाचित त्याने तिलाही गुरांचा डॉक्टर म्हटलं असतं.

निघताना तिने एक गठ्ठा माझ्या हातात कोंबला,
जांभळ्या कापडाचा.
कडेने माझ्याकडे पाहत म्हणाली,
अक्षरं शीक, अजून वेळ आहे. कुणाला आहे
ते बोलली नाही.

आता तो माझ्या फडताळात आहे.
बाहेरून कापडच दिसतं, चित्र नाही.
सुलटा ठेवलाय की उलटा,
मला सांगता येत नाही.