जमेची बाजू

अर्जातल्या अकराव्या रकान्यात विचारलंय:
आमचा निधी थांबल्यावर तुमचं साप्ताहिक टिकेल का? कसं?
बुरुलकानने पेन्सिल कानामागे खोचली, म्हणाली,
हिशेबनीस, हे तुम्हीच लिहा.

मी काय लिहिणार.
टिकाऊ हा शब्द मी बूट घेतानाच वापरलेला.
सामुदायिक शेतीवर बावीस वर्षं मेंढ्या मोजल्या,
तिथे शिकलो एवढंच, की
लांडग्याने नेलेलीही वहीत लिहावी लागते,
नाहीतर वसंतात आकडा जुळत नाही.

तर खरं सांगायचं, आम्ही मेलेल्यांवर जगतो.
नारीनमध्ये माणूस गेला की घरचे येतात
काळी चौकट द्यायला: नाव, साल, कुणाचा मुलगा.
शब्दाला आठ सोम. विशेषणांना सूट नाही.
'उदार' आठ सोम, 'अतिशय उदार' सोळा.
थंडीत चौकटी वाढतात, कोळसाही तेव्हाच लागतो.
ही तोंडमिळवणी कुणी करून ठेवलीय, विचारू नये.

बाकी जमा:
शिवणवर्गाची जाहिरात.
हरवलेली घोडी, खूण डावा कान फाटका.
वर्गणीदार एकशे चाळीस, त्यांतले साठ रोखीचे,
उरलेल्यांकडून बटाटे, लोकर, एकदा ट्रकचं चाक.
बटाटे मी बाजारभावाने धरतो.
छापखाना बटाटे घेत नाही.

फेब्रुवारीत वरच्या खाणीचं छत बसलं.
चार जण.
कंपनीचा माणूस बूट पुसून आत आला.
आठ पानांतली चार पानं, काळी किनार, रंगीत फोटो,
शिवाय वर्षभर दर अंकाला एक पान.
रक्कम बोलला नाही, चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे सरकवली.
मी ती दोनदा वाचली.
तिच्यात छापखान्याची उधारी होती, कोळसा होता,
कानिशायचा सात महिन्यांचा पगार होता,
माझे दोन दात होते.

आणि कानिशायच्या पिशवीत खाणीच्या पावत्या होत्या.
मीच तपासल्या, रात्री, बायको झोपल्यावर.
अठरा जानेवारी, टेकूंचं लाकूड, बावीस ट्रक, खिंडीतून.
त्या आठवड्यात खिंड बंद होती. बर्फ.
पान तीनवर, तळाशी, दोन ओळी,
आम्हीच छापलेल्या.
असल्या दोन ओळींना कुणी जाहिरात देत नाही.

बुरुलकान त्याला म्हणाली, शब्दाला आठ सोम.
चौघांची नावं, साल, कुणाचे मुलगे.
बाकी सगळ्यांना जो दर, तोच तुम्हाला.
तो हसला. चिठ्ठी उचलून खिशात ठेवली.
खोटं कशाला बोलू, त्या खिशाकडे मी
तो दाराबाहेर जाईपर्यंत बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सागिनाली आला, चौघांतल्या एकाचा भाऊ.
चौदा शब्दांची चौकट, नाणी मोजून आणलेली.
पैसे देऊन झाल्यावर पुन्हा वाचली त्याने,
बोट एका जागी थांबलं.
'अपघातात' काढा, म्हणाला.
मी शब्द खोडला, आठ सोम परत केले.
घेईना.
वर्गणीत धरा.
कुणाच्या? तुझं नाव तर यादीत नाही.
मग घाला.

त्या अंकाच्या चारशे प्रती जास्त काढल्या, सगळ्या गेल्या.
पुढच्या अंकाला पुन्हा होत्या तितक्याच.
शिवणवर्गवालीने जाहिरात काढून घेतली,
तिचा नवरा खाणीत आहे.
तिच्यावर मी रागावलेलो नाही.

आज अर्जाची शेवटची तारीख.
अकराव्या रकान्यात मी लिहिलं:
जमा, आठ सोम.
कशाबद्दल, न छापलेल्या एका शब्दाबद्दल.
बुरुलकानने वाचलं, काही न बोलता खोडरबर पुढे केलं.
बरोबर आहे तिचं, परदेशातली माणसं आहेत ती,
त्यांना टक्के लागतात.

खोडतोय, तेवढ्यात बाहेर कुणीतरी पोतं टेकवलं.
बघून आलो. बटाटेच.
मोड आलेत.
अर्ध्या भावाने धरतो.