पाद्री नसलेला रविवार

फॅरोच्या या टोकावर सात घरं.
पाद्री येतो सहाव्या रविवारी,
तेही समुद्राने सोडलं तर.
एरवी उपासना हानुस चालवतो,
मेंढ्या राखणारा. हातांना लोकरीचा वास.

या हिवाळ्यात त्याच्या डोळ्यांवर पडदा आला,
त्याने पुस्तक सुन्नुवाकडे दिलं.
अकरा वर्षांची. पायांत भावाचे बूट.
मासे साफ करता करता आई एवढंच म्हणाली होती,
अडलीस तर घाई करू नको.

हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यात
ती अडली.
गवताच्या छपरावरून वारा गेला.
कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग मागच्या बाकावरून मार्युन,
नवरा बोटीसकट गेला तेव्हापासून
प्रार्थनेला ओठ न हलवणारी,
हळूच म्हणाली, "खांद्यावर."

"हो, खांद्यावरच," हानुस भिंतीकडे बघत बोलला.
"भिजलेलं मेंढरू फार जड असतं."
मंडळी हसली. मार्युनही, थोडीशी.
सुन्नुवाने बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.

परतताना आईने शाबासकी दिली नाही.
कंदील तिच्या हातात दिला
आणि स्वतः
मागून चालू लागली.