उणे बावीस

ओउलुयार्वीच्या गोठल्या पाठीवर तीन माणसं,
बर्फाला तीन भोकं, एक थर्मास.
मासा अजून एकही नाही.

तिसरा अल्बम, ऐमो म्हणतो. तिसराच.
किल्ला जळतोय तो, घोडा आगीकडे धावतोय तो.
त्यानंतर बॅण्डनं नुसत्या पाट्या टाकल्या.

तुइरे हसते. तिसऱ्यात गायक कुठाय,
भोंगा आहे, कागदगिरणी सुटल्याचा.
पाचवा घे. पाचव्यात आवाज चढतो
आणि वरच राहतो,
झाडावरून उतरायचं विसरलेल्या मांजरासारखा.

काउनो गप्प.
त्याला सातवा आवडतो.
सातवा कुणालाच आवडत नाही,
बॅण्डलासुद्धा.

शेवटी तो कोटाच्या आतून टेपरेकॉर्डर काढतो,
झाकणाला रबरबँड.
उणे बावीस. सेल गारठलेले.
एरवी घोडदळ उधळावं तसे ड्रम्स
आता एकेक पाऊल चाचपत येतात,
आणि तो गगनभेदी गायक
पडसं झालेल्या पाद्र्यासारखा घोगरा.

हसू येतं, मग येत नाही.
तीस वर्षं, मैदानामैदानांत, मुठी उगारून
आपण जो शब्द 'तलवार' म्हणून ओरडलो
तो तलवार नाहीच.
'थांब' म्हणतोय तो.
कुणाला तरी थांब म्हणतोय.

तुइरे हातमोजा काढते, टेप मागे घेते,
पुन्हा ऐकते. पुन्हा.
ऐमोच्या दोरीला कधीचे झटके बसतायत.

'तरी तिसराच,' तो म्हणतो
बऱ्याच वेळानं,
भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत.