भिंतीवर दहा ओळी

पालच्या मशिदीत उर्दू वाचणारे तीन-चारच.
म्हणून मुस्तकीम हाफिज म्हणाला,
गुलशेरभाऊ, तुम्हीच लिहा मराठीत,
ठळक, दुरून दिसेल असं,
ईमान कशाकशानं तुटतं ते.

मी ट्रकच्या मागे केळी काढतो.
रावेरपासून बऱ्हाणपूरपर्यंत लोक माझे घड ओळखतात.
हॉर्न हा शब्द तर डोळे मिटून येतो मला.
हा पहिल्यांदाच लिहीत होतो.

इ ऱ्हस्व काढला.
हाफिज खालून म्हणाला, दीर्घ पाहिजे.
मी म्हटलं, भो, आमच्याकडे ऱ्हस्वच चालतो.
बाप तीस वर्षं केळीच्या काट्यावर हमाल,
मापाखाली कधी अंगठा दिला नाही,
त्याच्यापुढे हाच शब्द लावायचे लोक.
हाफिज हसला. मग म्हणाला, तरी दीर्घच करा.
केला.

एक. अल्लाहच्या बरोबरीला कुणाला बसवणं.
ही एका दमात उतरली, हात हलला नाही.

दोन. त्याच्या नि आपल्या मध्ये कुणाला घालून मागणं.
गोवराच्या तापात मी निपचित पडलो तेव्हा
आई घाटातल्या पीरबाबाकडे गेली होती,
मे महिन्यात, अनवाणी, पोटाशी हिरवी चादर धरून.
तळपायांचे फोड मला आठवतात, तापही आठवतो.
तिला जाऊन चार वर्षं झाली.
ब्रश डब्यात बराच वेळ राहिला.

तीनला शिडी करकरली.
शिडी तोताराम बोंडेची.
सकाळी स्वतःच खांद्यावर घेऊन आला,
म्हणाला, मशिदीचं काम आहे,
वरून दुसरी पायरी ढिली आहे, जपून.
तीनमध्ये काय आहे ते त्यानं विचारलं नाही.
मीही सांगणार नाही.

चार, पाच पटापट.

सहा. दीनाची टिंगल.
लहानपणी आम्ही बांगीसाहेबांच्या खोकल्याची नक्कल करायचो,
अजानआधी दोनदा, मग एकदा लांब.
तो खोकला आता माझ्या घशात आहे.

सात, जादूटोणा,
आणि जळल्या मिरचीचा वास आला नाकात.
सायबूखाला मोहरी ओवाळून चुलीत टाकायची,
फातिहा पढायची, मग काहीतरी भिलोरीत पुटपुटायची.
कोणत्या शब्दानं ताप उतरला
हे तिला तरी कुठं माहीत होतं?

दहापर्यंत पोचलो तेव्हा इशा होऊन गेली होती.
लोक आले, पाहिलं,
अक्षर झकास आहे म्हणाले, गेले.

हाफिज तेवढा थांबला.
दिवा भिंतीजवळ नेऊन त्यानं सातवी ओळ वाचली,
मग दुसरी, मग पुन्हा सातवी.
म्हणाला, माझ्या आईच्या दंडात ताईत आहे.
सुट्टीत घरी गेलो की रात्री कात्री घेऊन बसतो उशाशी.
ती झोपेत कूस बदलते,
हात अंगाखाली घेते.

मी काय बोलणार?
वीस-बावीसचं पोर, मिसरूड अजून मऊ.
त्यानं बोट पुढं केलं, अक्षरावर ठेवणार
तेवढ्यात मी म्हटलं, हाफिजसाब,
हात नका लावू,
ऑइलपेंट आहे,
सुकायला सकाळ होईल.