एकोणीस व्होल्ट

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या गाळ्यात
शकूर मुकादम वायर चिमटीत धरतो
आणि नाडी बघत बघत
पिनेपासून मागे सरकतो.
"हितं. आतनं तुटलीय. वरनं कळायची नाय."

मीटरवर एकोणीस, शून्य, एकोणीस,
मग बराच वेळ नुसतं शून्य.

मी सांगत बसते:
वायर डावीकडून वळवून
पोळपाटाखाली दाबली की दिवा लागायचा.
पोळ्यांच्या वेळी काम बंद.
सात महिने त्या कोपऱ्यातून कुणी गेलं नाही,
केरसुणीसुद्धा.

त्याचं लक्ष नाही. दुसरा चार्जर लावून बघतो,
मग स्क्रू काढून बशीत मांडतो,
पाठ उघडतो.
बॅटरीचं पोट फुगलंय.
तरीच टचपॅड वर आलं होतं,
मी रोज अंगठ्यानं दाबून बसवायची.
"ही घरी नेऊ नका," म्हणतो
आणि वाळूच्या बादलीत ठेवतो.
तिथं आधीच तिघी आहेत.

"पण दोष कुणाचा होता?"
"दोघांचा. वायर अडखळत द्यायची,
ही मिळेल तेव्हा अधाशागत घ्यायची.
पयलं कोण बिघडलं, ता नाय सांगता येत."

तेवीसशे रुपये. पावती नाही.

रात्री घाटकोपरला
दिवा लागलाय, कशाखालीही न दाबता.
पोळपाट ओट्यावर, धुतलेला.
सासरे पाणी प्यायला उठतात,
कोपऱ्याशी येऊन थबकतात,
लुंगी जरा वर धरून
तिथं नसलेली वायर
जपून ओलांडतात.